मुंबईतल्या ख्रिस्ती कॉलेजचं वसतिगृह: राहणं आणि प्रार्थना, दोन्ही कसं जमवायचं

जून संपत आला की आमच्या दादरच्या घरी रविवारी दुपारी जेवायला दोन-तीन नवे चेहरे असतात. कोणी राहुरीकडची, कोणी जालन्याची, कोणी पालघरच्या आतल्या गावातली. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, ओळख होते आणि मी त्यांना घरी घेऊन येते. भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण ताटात पडलं की मुली मोकळ्या होतात, आणि पहिल्या महिन्यात जवळजवळ सगळ्यांचं बोलणं एकच असतं: "मावशी, घरी रोज रात्री प्रार्थना व्हायची. इथे आल्यापासून एकदाही नीट बसले नाही. जागाच नाही."

हे अगदी शब्दशः खरं आहे. तीन खाटा, तीन कपाटं, एकच टेबल आणि दारामागे वाळत घातलेले कपडे. मीही नगर जिल्ह्यातल्या एका गावातून आले आणि अशा खोलीत तीन वर्षं काढली. माहेर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रॉटेस्टंट मंडळीतलं, सासर वसईचं कॅथलिक, त्यामुळे उपासना आणि मिस्सा (कॅथलिकांची उपासना) हे दोन्ही शब्द आमच्या घरात रोजचे. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली. कॉलेज ख्रिस्ती आहे म्हणून कोणाची प्रार्थना आपोआप टिकत नाही. ज्या मुलामुलींनी पहिल्या पंधरा दिवसांत एक जागा, एक वेळ आणि एक माणूस ठरवला, त्यांची टिकली. म्हणून इथे अर्जापासून सुरुवात करून खोली, दिवस, रविवार अशा क्रमाने सगळं सांगते.

अर्ज भरण्याआधी

आपण ज्यांना ख्रिस्ती कॉलेजं म्हणतो ती मुंबई विद्यापीठाशी (स्थापना 1857) संलग्न आहेत आणि त्यातली काही आता स्वायत्त आहेत. अभ्यासक्रम, परीक्षा, पदवी यांत बाकीच्या कॉलेजांपेक्षा फार वेगळं काही नसतं. फरक पडतो तो संस्था कोणी उभी केली आणि आज ती कोण चालवतं, त्याने. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजची मुळं 1832 पर्यंत जातात, स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेपर्यंत. ही प्रॉटेस्टंट परंपरा. धोबी तलावचं सेंट झेवियर्स 1869 साली जेजुइट या कॅथलिक संघाच्या फादरांनी सुरू केलं. ब्रीच कँडीचं सोफिया 1940 सालचं, सेक्रेड हार्टच्या सिस्टरांचं. चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय 1955 सालचं, तेही सिस्टरांचंच. सिस्टर किंवा फादर आवारात राहत असतील, तर चॅपल (आवारातलं छोटं प्रार्थनागृह) आणि तिथली मिस्सा हाताशी असण्याची शक्यता जास्त. नसतील, तर रविवारसाठी बाहेरची मंडळी शोधणं भाग आहे. कॅथलिक मुलांनी आणि सीएनआयच्या मुलांनी हा प्रश्न प्रवेशाआधीच विचारावा.

या सगळ्या कॉलेजांत बहुसंख्य विद्यार्थी इतर धर्मांचे असतात. गावच्या मिशन शाळेतून आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी याचा धक्का बसतो. वर्गात साठ जण आणि आपल्यासारखे दोघं-तिघं. त्याची मनाची तयारी करून या.

ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: मुलीला चर्चला जावं लागेल का? संविधानाच्या अनुच्छेद 28(3) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर पालकांची संमती लागते. अनुच्छेद 30 अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क देतो आणि 28 विद्यार्थ्याला नकार देण्याचा हक्क देतो. मूल्यशिक्षणाचा तास सगळ्यांना असू शकतो, पण तो आणि धर्मशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी.

वसतिगृहाचा अर्ज: काय विचारायचं, काय बरोबर आणायचं

कॉलेजला प्रवेश मिळाला म्हणजे खाट मिळाली, असं समजू नका. वसतिगृहाचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळा असतो, मुलाखत वेगळी असते आणि जागा मोजक्या असतात. विल्सनच्या मुलांसाठी मॅकिकन हॉल आणि मुलींसाठी पंडिता रमाबाईंच्या नावाचं वसतिगृह आहे. सोफिया आणि निर्मला निकेतनलाही वसतिगृह आहे. काही नामवंत ख्रिस्ती कॉलेजांत मात्र राहण्याची सोय नाही किंवा अगदी थोडी आहे. अशा वेळी वायडब्ल्यूसीए, वायएमसीए आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टर चालवतात ती मुलींची वसतिगृहं, असा दुसरा मार्ग राहतो. तिथेही मे महिन्यातच विचारणा सुरू करा. जुलैमध्ये आलात तर 'वेटिंग' हाच शब्द ऐकू येईल.

कागदपत्रांत मार्कशीट आणि आधार कोणीही आणतं. विसरतात ते बाप्तिस्म्याचा दाखला आणि आपल्या पाळकांचं किंवा धर्मगुरूंचं पत्र. अल्पसंख्याक कोट्यातून अर्ज असेल तर दोन्ही मागतात. मूळ नोंदवही कधी जुन्या मंडळीत असते, कधी पाळकांची बदली झालेली असते. गावी असतानाच काढून घ्या आणि तीन-तीन झेरॉक्स ठेवा. पाळकांच्या पत्राचा दुसरा उपयोग पुढे रविवारच्या भागात सांगते. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या योजना पाहून ठेवा. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो.

लोकल गार्डियनचं नाव लिहिताना लांबच्या काकांचं नाव नुसतं टाकून देऊ नका. रात्री अकराला ताप चढला तर टॅक्सी करून येईल असा माणूस हवा. कल्याणच्या सख्ख्या मामापेक्षा भायखळ्याची ओळखीची बाई अशा वेळी उपयोगी पडते.

मुलाखतीला वॉर्डन किंवा रेक्टर "काही विचारायचं आहे का?" म्हणतात तेव्हा मुलं मान हलवतात. तसं करू नका. रविवारी सकाळी किती वाजता गेट उघडतं? सातच्या उपासनेला गेलं तर नाश्ता काढून ठेवतात का? नाताळच्या आदल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला किंवा ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला जायला परवानगी मिळते का, आणि त्यासाठी कोणाची सही लागते? आजारी पडल्यावर कोण बघतं? हे प्रश्न आगाऊपणाचे नाहीत. चांगल्या वॉर्डनला ते आवडतात, कारण ही मुलगी इथे राहण्याचा विचार करून आली आहे हे त्यातून कळतं. डिपॉझिटची पावती मात्र हातात घेतल्याशिवाय उठू नका.

पहिला आठवडा: खोली

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती, खिडकी गल्लीकडे. रूममेट दोघी, एक साताऱ्याची आणि एक भिवंडीची. साताऱ्याच्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी कपाटाच्या आतल्या बाजूला गणपतीचा छोटा फोटो लावला आणि खाली उदबत्तीचं घर ठेवलं. भिवंडीच्या मुलीने जानमाज (नमाजाची चटई) उशीखाली ठेवली. मी माझं बायबल पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गावात आमचं घर सगळ्यांना माहीत होतं, सांगावं लागत नव्हतं. इथे सांगावं लागणार होतं, आणि मी लाजले. चार-पाच दिवसांनी साताऱ्याच्या मैत्रिणीनेच विचारलं, "तुझं काही नाही का गं लावायचं? डावा खण रिकामा आहे." त्या खणात माझं बायबल आणि गीतांचं पुस्तक तीन वर्षं राहिलं.

म्हणून पहिली पायरी ही. पहिल्या आठवड्यातच तिघींनी बसून बोला. कोण कधी उठतं, कोणाला दिवा लागतो, उदबत्तीच्या धुराने कोणाला खोकला येतो का, रमजानमध्ये सहरीला गजर वाजेल तेव्हा बाकीच्यांनी काय करायचं, तुम्ही प्रार्थनेला बसाल तेव्हा दहा मिनिटं फोनवर बोलणं बाहेर होईल का. हे सगळं एकदाच आणि मोकळेपणाने. पंधरा दिवसांनंतर हेच बोलणं तक्रार वाटायला लागतं.

दुसरी पायरी: एक वीतभर जागा नेमा. खण, खिडकीची कड, खाटेची डोक्याकडची बाजू, काहीही चालेल. तिथे चार्जर, कंगवा, चहाचा कप ठेवायचा नाही. जपमाळ म्हणत असाल तर ती तिथेच ठेवा, बॅगेत नको, कारण बॅगेतली वस्तू बॅगेतच राहते.

पावसाळ्याचं एक सांगते. बायबलचा कागद पातळ असतो, मुंबईच्या दमट हवेत तो आधी लहरी होतो आणि मग पानं एकमेकांना चिकटतात. ऑगस्टपर्यंत कातडी वेष्टनावर पांढरी बुरशी दिसायला लागते. पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नका, खणात डांबरगोळी ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी पंख्याखाली उघडून ठेवा. आईने दिलेलं बायबल असेल तर त्याला कापडी पिशवी शिवून घ्या.

आणि खोलीतल्या कोणालाही आपल्या प्रार्थनेला ओढू नका. ती स्वतः विचारेल तेव्हा सांगा, बसावंसं वाटलं तर बसू द्या. आमच्या साताऱ्याच्या मैत्रिणीला 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे स्तोत्र आवडायचं, कारण तिच्या आजोबांची मेंढरं होती. परीक्षेच्या आदल्या रात्री ती मला ते वाचायला लावायची. त्यापलीकडे आम्ही एकमेकींच्या देवात कधी हात घातला नाही, आणि मैत्री अजून आहे.

रोजची वेळ

सगळे सांगतात पहाटे उठा. घरी ते ठीक. वसतिगृहात सकाळी बाथरूमची रांग असते, पाणी ठराविक वेळ येतं आणि कॉलेज कदाचित साडेसातचं असतं. मी पहाटेचा प्रयत्न दोन महिने केला आणि रोज अपराधी वाटून घेतलं. माझं मत स्पष्ट आहे: वसतिगृहात रात्रीची वेळ धरा. जेवण झाल्यावर, दिवा बंद व्हायच्या आधी, दहा ते पंधरा मिनिटं. सकाळी डोळे उघडल्यावर प्रभूची प्रार्थना, खाटेवर बसून, एवढं पुरे. चॅपल असलेल्या वसतिगृहात संध्याकाळची प्रार्थना असेल तर तिथे जा. आपल्याला नेमाची वेळ ठरवावी लागत नाही, हा तिथला मोठा फायदा.

रात्रीच्या पंधरा मिनिटांत काय करायचं, हे बऱ्याच जणांना कळत नाही. घरी बाबा वाचायचे, आई प्रार्थना करायची, आपण 'आमेन' म्हणायचो. एकटं बसल्यावर शब्द सुचत नाहीत. अशांना मी संत इग्नेशियसची जुनी रीत सांगते. जेजुइट संघ स्थापन करणारा हा माणूस 16व्या शतकातला. दिवसाकडे देवासोबत मागे वळून बघायची त्याची ही रीत आज कॅथलिकांइतकीच इतरांनाही उपयोगी पडते. मी सीएनआयच्या घरातली असून ती सासूबाईंकडून शिकले. तिचे पाच टप्पे आहेत.

आधी शांत बसून आज मिळालेल्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार माना, नाव घेऊन: रूममेटने ठेवलेला डबा, लोकलमध्ये कोणी दिलेली जागा. मग उजेड मागा, की आजचा दिवस मला खरा दिसू दे. तिसऱ्या टप्प्यात सकाळपासून आत्तापर्यंतचा दिवस डोळ्यांसमोरून जाऊ द्या, घाई न करता. इथे सर्वांत जास्त वेळ द्यायचा. कुठे मन हलकं झालं, कुठे आवळलं, एवढंच बघायचं. चौथा टप्पा: जिथे चुकलं तिथे क्षमा मागा. मेसच्या काकूंवर ओरडलात तर ते 'मेसच्या काकूंवर ओरडले' असंच म्हणा, मोघम 'माझी पापं' नको. शेवटी उद्याची एक गोष्ट देवापुढे ठेवा. टेस्ट, फोन, जिच्याशी अबोला आहे ती मुलगी, जे असेल ते.

सुरुवातीला झोप येते. येऊ द्या. खाटेवर आडवं न होता खुर्चीवर बसलात तर कमी येते. फोनवर बायबल वाचत असाल तर विमानाची खूण लावून वाचा, नाहीतर दुसऱ्या वचनाला व्हॉट्सअॅप येतं. मी तरी छापील पुस्तकाच्या बाजूची आहे.

रविवार: आपली मंडळी कशी शोधायची

मुंबईत चर्चची कमी नाही, म्हणूनच घोटाळा होतो. एका रविवारी माहीमचं सेंट मायकल, पुढच्या रविवारी वांद्र्याचं माउंट मेरी, तिसऱ्या रविवारी मैत्रिणीच्या हॉलमधल्या फेलोशिपला (प्रार्थनासभेला), असं फिरत वर्ष जातं आणि कुठेही कोणी आपल्याला ओळखत नाही. फिरायला चार रविवार घ्या. पाचव्या रविवारी ठरवा आणि पुढची तीन वर्षं शक्यतो तिथेच जा.

ठरवताना तीन गोष्टी बघा, आणि पहिली आहे भाषा. इंग्रजी येत असलं तरी रडू मराठीतच येतं. दक्षिण मुंबईत मराठी उपासनेसाठी गिरगावचं आंब्रोली चर्च आणि भायखळ्याचं ह्यूम मेमोरियल या जुन्या मंडळ्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनची मंडळी मुंबईत 1813 साली आली, त्या परंपरेतलं ह्यूम मेमोरियल. तिथे रेव्ह. ना. वा. टिळकांची गीतं पेटी-तबल्यावर ऐकू आली की नगर-सोलापूरच्या मुलांचा चेहरा बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. कॅथलिक मुलांनी जवळच्या चर्चच्या फलकावर मराठी मिस्सेची वेळ बघावी. अनेक ठिकाणी रविवारच्या चार-पाच मिस्सांपैकी एक मराठीत किंवा कोकणीत असते. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल (1718) पाहायला जरूर जा, पण तिथली उपासना इंग्रजीत चालते हे माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट अंतर. अर्ध्या तासात पोचता आलं पाहिजे, आणि मेगाब्लॉकच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद असतात त्या रविवारीसुद्धा. शनिवारी संध्याकाळी ब्लॉक कुठल्या मार्गावर आणि किती ते किती, हे बघूनच झोपा. सकाळी दहानंतर ब्लॉक असेल तर पहिल्या उपासनेला जा आणि तो सुरू व्हायच्या आत परत या. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 कफ परेडपर्यंत सुरू झाल्याने गिरगाव, ग्रँट रोड, महालक्ष्मी, दादर हा पट्टा ब्लॉकच्या दिवशीही सुटसुटीत झालाय. कॅथलिक मुलांना आणखी एक सोय आहे: शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. सोमवारी जर्नल सबमिशन असेल तर हे लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट, तिथे कोणी तुमचं नाव विचारतं का. यासाठी थोडं तुम्हीही करायला हवं. गावच्या पाळकांचं पत्र पहिल्याच रविवारी इथल्या पाळकांना किंवा फादरांना नेऊन द्या. मंडळीत तुमची नोंद होते, तरुण संघाच्या ग्रुपमध्ये नंबर जातो आणि पाळक आडनाव वाचून विचारतात, "अमक्या गुरुजींची नात का?" नगर-मुंबई अशा ओळखी फार निघतात. दर रविवारी एकाच बाकावर बसा. शेजारच्या आजी तिसऱ्या रविवारी बोलतातच. गाता येत असेल तर क्वायरमध्ये (चर्चच्या गायनवृंदात) जा. मधल्या दिवशी तालमीला गेल्याने आठवड्याला एक खुंटी मिळते, आणि तालमीनंतर चहा असतो.

बुधवारची माहीमची नोव्हेना, म्हणजे मारियामातेची प्रार्थना, ही मुंबईची खास गोष्ट. सगळ्या धर्मांची माणसं मेणबत्त्या घेऊन रांगेत असतात. रूममेटला यायचं असेल तर घेऊन जा. संध्याकाळी गर्दी फार असते, दुपारी जा.

उपवास, परीक्षा आणि सण

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ नेमका कॉलेजच्या परीक्षांच्या आसपास येतो. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे त्याआधीचा पवित्र आठवडा अभ्यासाच्या ऐन भरात. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खूण करा.

कॅथलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसांनी उपवास करायचा: एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी, मांस वर्ज्य. आजारी माणसाला सूट आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नियम इतका बांधलेला नसतो, ज्याने त्याने ठरवायचं. मेसला आदल्या दिवशी सांगा, नाहीतर ताट वाया जातं आणि काकू रागावतात. पेपर असताना निर्जळी उपवास करून चक्कर येऊन पडलेली मुलगी मी पाहिली आहे. त्या काळात गोड सोडा, रील्स सोडा, वाचलेले पैसे ईस्टरला कोणाला तरी द्या.

सप्टेंबरमधली माउंट मेरीची जत्रा 8 तारखेच्या सणानंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. परतायला उशीर होतो, गेट पास आधी घ्या. नाताळला गावी जायचं तर रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फोन हातात घेऊन बसा. कॉलेजच्या ऑफिसातून विद्यार्थी सवलतीचा फॉर्म मिळतो, तोही तेव्हाच मागा. गावी जाता येणार नसेल तर ते आपल्या मंडळीत आधी सांगा. नाताळच्या दिवशी कोणाही घरी एक पाट जास्त मांडलेला असतो.

गट आणि फेलोशिप

कॉलेजात विद्यार्थ्यांचे ख्रिस्ती गट असतात. कॅथलिक मुलांची 'आयकफ' ही संघटना 1924 पासूनची, स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट 1912 पासूनची, इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांची यूईएसआय 1954 पासूनची. एखादा गट धरा. आठवड्यातून एकदा आपल्याच वयाच्या चौघांसोबत वाचन आणि प्रार्थना झाली की एकटेपणा बराच कमी होतो.

पण शहरात रोज नवे मेळावे निघतात, आणि वसतिगृहातली मुलं त्यांना सहज सापडतात. जेवण मिळतं, गाणी छान असतात, कोणीतरी जवळ घेतं. अशा ठिकाणी जाण्याआधी काही गोष्टी तपासा. तिथला प्रमुख कोणालाच उत्तर देत नाही, असं आहे का? पैशांचा हिशोब लपवला जातो का? 'दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दे' म्हणून विद्यार्थ्याच्या खाऊच्या पैशांवर डोळा आहे का? औषध बंद कर, विश्वास ठेव, असं सांगतात का? घरच्या मंडळीशी, आईवडिलांशी संबंध तोडायला सांगतात का? यातलं एक जरी 'हो' असेल, तर पुन्हा जाऊ नका आणि रूममेटलाही जाऊ देऊ नका.

शरीर बिघडतं तेव्हा, मन बिघडतं तेव्हा

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते. माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्या मजल्यावर एक मुलगी तापाने फणफणली होती. आदल्या आठवड्यात गुडघाभर पाण्यातून चालत आली होती. त्या वेळी आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाईंनी तिच्यासाठी प्रार्थना ठेवली, डोक्यावर हात ठेवला आणि दोन दिवस डॉक्टरकडे पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा आम्ही मुलींनीच टॅक्सी केली. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) निघाला. ती वाचली, पण ते दोन दिवस मी विसरलेले नाही. प्रार्थना टॅक्सीत बसूनही करता येते.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, विशेषतः पायाला जखम असताना, तर 24 ते 72 तासांत डॉक्टरकडे जाऊन प्रतिबंधक गोळी घ्यायला हवी का ते विचारा. महापालिका दर पावसाळ्यात हेच सांगते. ताप एक दिवसापेक्षा जास्त राहिला तर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांच्या तपासण्या करून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात खर्च नगण्य असतो.

मनाचंही तसंच. रडू थांबत नाही, जेवण जात नाही, दोन आठवडे झोप नाही, प्रार्थनेला बसलं की आतून रितं वाटतं. याला 'विश्वास कमी पडला' असं म्हणणारे भेटतील. ऐकू नका. आधी कॉलेजच्या समुपदेशकाकडे जा. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 वर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. चॅपलेनकडे (कॉलेजच्या धर्मगुरूंकडे) किंवा पाळकांकडेही जा, दोन्ही एकाच वेळी चालतं. देवाविषयी शंका येणं हा आजार नाही. अठरा-एकोणीसच्या वयात, शहरात, तत्त्वज्ञानाच्या तासानंतर ती यायचीच. तिच्यासाठी घाई न करता ऐकणारा एक मोठा माणूस शोधा.

रॅगिंग झालं तर गप्प बसायचं नाही. महाराष्ट्रात 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि यूजीसीची हेल्पलाइन 1800-180-5522 आहे. कोणी अंगचटीला आलं, तो माणूस कितीही पूज्य पदावरचा असो, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्या आणि घरी सांगा. 'संस्थेचं नाव खराब होईल', 'क्षमा कर' असं कोणी म्हणालं तर त्या माणसाला यातून बाजूला ठेवा. क्षमा ही तुमची आणि देवाची गोष्ट आहे. तक्रार ही पुढच्या मुलीच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे.

सेवा

अनेक ख्रिस्ती कॉलेजांत समाजसेवेचे तास अभ्यासाचाच भाग असतात. नुसती सही मिळवण्यासाठी करू नका. दृष्टिहीन मुलांना वाचून दाखवणं, वस्तीतल्या अभ्यासवर्गात गणित शिकवणं, वृद्धाश्रमात आजींच्या पायाला तेल लावणं, यातलं एक घ्या आणि वर्षभर तेच करा. आमच्याकडे येणारी एक मुलगी दर शनिवारी एका आजींना पेपर वाचून दाखवते. आजी फक्त निधनवार्ता ऐकतात, ओळखीचं नाव आलं की थांबवतात आणि दोघी मिळून त्या माणसासाठी प्रार्थना करतात.

खोली सोडताना

तिसरं वर्ष संपताना सगळे घाईत असतात. डिपॉझिटची पावती, ना-देय दाखला आणि कपाटाची किल्ली एकाच दिवशी उरका. मंडळीतून बदलीचं पत्र घ्या, कारण नोकरी पुण्याला लागली तर तिथे पहिल्या रविवारी तेच उपयोगी पडतं. पाळकांना, क्वायरला आणि बाकावरच्या आजींना सांगून निघा.

आणि जूनमध्ये नवी मुलगी खाटेवर आली असेल, तर तिला एका रविवारी बरोबर न्या. कोणत्या गेटने बाहेर पडायचं, बस कुठे थांबते, मराठी उपासना किती वाजता, गीतांची पुस्तकं कोणत्या कपाटात असतात आणि आपला बाक कोणता, हे तिला दाखवा. डावा खण रिकामा करून, पुसून, तिच्या नावाने ठेवा.